लग्न लागेपर्यंत एसी चालू ठेवला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर लसूण सोलला. शेजारच्या पोरीचं लग्न होतं आणि आमच्या गल्लीत जेवणाचा लसूण घरोघरी वाटून देतात.

"आवं, निम्मा सालीसकट टाकताय. वऱ्हाडाला खोकला लावताय काय?"

"तूच सोल मग, लय शानी."

बसलो होतो ते घरात नव्हे, गाडीत. मी जन्मभर वाई-साताऱ्याकडं शूटिंगच्या गाड्या चालवल्या. नटांना बसायला आत पलंग आणि एसी असतो, तसल्या. एक मोडीत निघाली, ती आटपाडीला आणून दारात लावली. बायकोचं काळीज दुबळं. सांगलीला विश्रामबागच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, उकाडा सोसायचा न्हाई. घर पत्र्याचं, म्हणून उन्हाळाभर ती गाडीत. लाईट गेली की एसी छोट्या जनरेटरवर. त्याचा जीव तेवढाच. आधी नुसता पंखा लावायचा, इंजिन दमात आलं की मग गारवा.

सोलता सोलता ती म्हणाली, "माझं काय झालं तर लगीन लागूस्तोवर तोंड उघडू नका."

"गप बस."

पण तिचं खरं होतं. गल्लीत कुणी गेलं की मयत उचलेपर्यंत चूल पेटत नाही, वाजंत्री वाजत नाही. त्या पोरीचं लग्न तिचा आजा गेला म्हणून एकदा पुढं ढकललेलं. नवऱ्याकडची माणसं तिच्या पायगुणावर बोलायला लागली होती. पुन्हा थांबलं असतं तर मोडलंच असतं.

लग्नादिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर ती गेलेली. मी दार लावून घेतलं. लाईट नव्हतीच. जनरेटर चालू केला.

मांडव शेजारीच. बायका येऊन विचारायच्या, "आज्जी कशी हाय?"

"झोपलीया. दार उघडू नका, गार वारं जातंय."

लग्नाच्या तोंडावर पेट्रोल संपत आलं. तापल्या मशीनवर ओतलं तर भडका उडतो, म्हणून बंद करावं लागलं. आवाज थांबला तसा पोरीचा बाप पळत आला.

"आबा, बंद का पडला? आज्जीला मांडवात कूलरपुढं आणू का?"

"लगीन तुझ्या पोरीचं हाय, तिकडं बघ की."

"आवं पण…"

"जा म्हंतोय न्हवं!"

तो तोंड पाडून गेला. मशीन जरा निवल्यावर मी पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. धरेना. पुन्हा ओढली, तेव्हा धरलं. गारवा लावताच इंजिन घुटमळलं. मी त्याला तिथंच आईवरून शिव्या घातल्या. चाललं.

मंगलाष्टका गाडीला टेकून ऐकल्या. निघताना पोर पाया पडायला आली.

"आज्जीला उठवू?"

"नगं. तिचा आशीर्वाद हाय तुला," मी हसून सांगितलं.

वऱ्हाडाची गाडी वळणापलीकडं गेली तसा जनरेटर बंद केला आणि तिच्या बापाला खरं सांगितलं. त्यानं मांडवातली माणसं हाक मारून गोळा केली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कडेगावला त्या पोरीच्या सासरी फोन लावला. परक्याच्या तोंडून कळायला नको होतं.

"आबा! आज्जीला द्या की फोन."

"पोरी, आज्जी काल सकाळीच गेली. तुझ्या अक्षता पडायच्या आधी."

"मग मला हसून कसं पाठवलंसा?" ती हुंदके द्यायला लागली. मागून तिची सासू विचारत होती, काय झालं गं?

"डोळं पूस," मी म्हणालो. "सांग सासूला, गल्लीतली एक म्हातारी गेली. आमच्या नात्यातली न्हवं."

आणि फोन ठेवला.