पुरातली माझी जागा

टांगा दाराशी उभा होता आणि आई माझ्याकडे बघायचं सोडून आभाळाकडे बघत होती. लग्न वैशाखात झालं होतं. पण ह्यांची कराचीच्या गोदीतली नोकरी पक्की व्हायला आषाढ उजाडला, आणि मी बिऱ्हाड करायला निघाले ती नेमकी त्र्यंबकाकडे काळं भरून आलेलं असताना. दत्तूदादानं ट्रंक टांग्यात चढवली. मी आईच्या गळ्यात पडले आणि काय विचारलं असेल? "आई, यंदा घागरी कोण भरील?" आई म्हणाली, "होईल गं काहीतरी. तू गाडीत नीट बस."

होईल काहीतरी! टांग्यात बसले ती तेच घोळवत.

आम्ही तांबट. घर नदीकाठच्या गल्लीत, खाली आबांचं दुकान, वर आम्ही. आम्ही नाशिकवाले गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि ही गंगा चार-दोन वर्षांनी आमच्या उंबऱ्यात यायचीच. पाणी वाढतंय अशी हाळी आली की गल्लीत जो तो आपापल्या कामाला लागे. दादा पुढचं नि मागचं दार सताड उघडी करून ठेवी, म्हणजे पाणी सरळ निघून जातं, भिंतींवर चिडत नाही. आई गंगेची ओटी भरायला जाई. आणि दुकानातल्या घागरी नि हंडे माझ्याकडे. ते सगळे पाण्यानं काठोकाठ भरायचे, गळ्याभोवती दोर आवळायचा आणि दोर खांबाला बांधायचा. परक्या माणसाला हसू येतं, पूर दाराशी आणि ही बया घरात पाणी भरत बसलीय! पण आई म्हणायची, "रिकामं भांडं आधी पळतं." भरलेली घागर बसल्या जागी बसते. शेजारच्या बायका म्हणायच्या, तांबटाची मथू आहे तोवर ह्यांची वाटीसुद्धा वाहून जायची नाही. मी लाजल्यासारखं करायची. खरं तर ते ऐकायलाच मी हळूहळू भरायची.

कराचीत आले आणि बघते तो काय, पाऊसच नाही! स्टीमरमधून उतरले तेव्हा जी धूळ नाकात गेली ती अजून निघालेली नाही. क्वार्टर चांगलं, दोन खोल्यांचं. भिश्ती पखालीतून पाणी आणून देतो. शेजारची सिंधीण मला 'अदी' म्हणते, म्हणजे बहीण, आणि तिच्या हातचा पल्ला मासा खाऊन आमचे हे नाशिक विसरले. मी नाही विसरले. श्रावण आला की मी उगाच गॅलरीत उभी राहून आभाळ बघायची. तिथं कावळासुद्धा ओला दिसायचा नाही.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी विंचूरची. विंचूर म्हणजे माळ आणि कांदे! पूर कशाशी खातात हे त्या बाईला काय ठाऊक? असं मी आपलं समाधान करून घेत होते, तोच पावसाळ्यानंतर दादाचं कार्ड आलं. पाणी दुकानात छातीभर चढलं होतं, भांडं एकही गेलं नाही, सगळं हिनं सांभाळलं. 'हिनं'! त्या दिवशी आमटी करपली. ह्यांनी विचारलं, "माहेरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "ठीकच आहे. इतकं ठीक कशाला असावं?"

पुढच्याच श्रावणात मी माहेरपणाला गेले. पूर यावा असा नवस कोणी माणूस बोलत नाही, मीही बोलले नाही. पण उठल्याबरोबर खिडकीतून नदी बघायची. आणि एका दुपारी आलीच गंगा, गढूळ, झाडंझुडं घेऊन. हाळी ऐकल्याबरोबर मी पदर खोचून दुकानात धावले. बघते तर वहिनी कासोटा मारून घागरी भरतेय. वर गोड आवाजात म्हणते, "वन्सं, तुम्ही बसा. चार दिवस माहेरपणाला आलात, तुम्हाला कशाला त्रास?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या घरात, माझ्या दोराला हात घालून, मलाच पाहुणी करते! मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मथे, हा घे, हा सांभाळ," आणि माझ्या हातात दिला काय, तर पानाचा डबा. वहिनी वळली तसा मी एक दोर ओढून पाहिला. विहिरीवर मोटेचा दोर बांधतात तसली विंचुरी गाठ होती. मी जोर लावला. मेली हलेचना.

दारं उघडी टाकून आम्ही वरच्या आळीत गेलो, दर पुरात जातो त्या कासारांच्या ओट्यावर. आबा सगळ्यांत शेवटी वर आले. भर दुपारी अंधारून आलं होतं, पाऊस डोळ्यांत जात होता आणि आबांना एरवीही कमीच दिसायचं. ओट्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी घरची माणसं नावानिशी हाकारली.

"सूनबाई!"

"आले, मामंजी."

"दत्तू! दत्तूची आई!"

दोघांनी ओ दिली. आबा म्हणाले, "झालं. सगळी आली."

मी हातभर अंतरावर उभी होते, नखशिखान्त भिजलेली, डबा छातीशी धरून. बोलली कोण, तर वहिनीच. "मामंजी, वन्सं राहिल्या की!"

आबांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि वर न बघताच म्हणाले, "मथी? मथी कराचीला आहे. ती तेवढी कोरडी, देवाची कृपा."

आणि सगळे जे हसत सुटले! आबांनी मला चाचपून ओळखलं नि तेही ओशाळून हसले. "सवय झाली गं," म्हणाले. मीही हसले, पण हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. पावसात कोणाला दिसलं नाही, एक वहिनी सोडून. तिनं मला आत नेलं, आणि माझं लुगडं पिळता पिळता म्हणाली, "गेल्या खेपेलाही असंच म्हणाले होते. सगळ्यांची नावं घेतात आणि शेवटी, मथी कराचीला, ती कोरडी. तेवढं म्हटल्याशिवाय खाली बसत नाहीत." मला तिचा राग येईना, आणि राग येत नाही म्हणून आणखीच राग आला.

पाणी ओसरलं. घागरी जागच्या जागी होत्या, सांगायला नकोच.

माझ्यासारख्या लांब गेलेल्या पोरींनो, माहेर कुठं असतं म्हणून मला विचाराल, तर मी त्या ओट्यावर बोट ठेवीन. श्रावणात दादाचं कार्ड येतं, गल्लीत पाणी शिरलं होतं म्हणून. मी इथं खडखडीत कोरडी बसून ते दोनदा वाचते. मला माहीत असतं, आबा पायरीवर उभे राहिले असतील आणि माझं नाव घेतलं असेल. शेवटी का होईना, घेतात. पण वहिनीचं पहिलं घेतात हो! ते काही मला अजून सोसत नाही.