साइड बी, चौथ्या गाण्यानंतर

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत, करणी, बाहेरचं... यातलं मला काहीच पटत नाही. आमच्या कोपऱ्यावर कुणी उतारा ठेवला तर त्यातला नारळ उचलून घरी चटणी करणारा मी माणूस. परभणीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. इथं लोक अनुभव टाकतात त्याखाली "झोप पूर्ण घ्या, पाणी जास्त प्या" अशी कमेंट करणारा चोंबडा मीच. तेव्हा आता मला हसा, तुमचा हक्कच आहे.

थोडं मागचं सांगावं लागेल. अकरावी-बारावीला मी आणि माझा मित्र गजू परभणीत खोली करून राहायचो. आई-अण्णा येलदरीला. अण्णा धरणावरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर, तिथंच कॉलनीत क्वार्टर. कृषी विद्यापीठाच्या होस्टेलला मिझोरमचा एक सीनियर होता, त्याच्याकडं हार्डकोअर पंकच्या कॅसेटी होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — एकेक गाणं मिनिटभराचं, ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा, आणि गाणारा गात नाही, भांडतो! लग्नातल्या बँडपलीकडं काही न ऐकलेली पोरं आम्ही. येडेच झालो. डबल डेकवर कोऱ्या कॅसेटींत उतरवून घेतल्या आणि लगेच प्रत्येकीच्या कडेच्या दोन टिकल्या तोडल्या. टिकल्या तोडल्या की त्या कॅसेटवर परत काही रेकॉर्ड होत नाही. गजूच्या मामानं आमच्या आधीच्या कॅसेटवर कीर्तन भरून ठेवलं होतं, तेव्हापासूनचा हा शहाणपणा.

आमचा बँडही होता. गजू तेलाच्या डब्यांवर, मी सेकंडहँड गिटारवर आणि बोंबलायला. घरमालक खालून ओरडायचे, "काय रे, डबे बडवायलात का माणूस मारायलात?" तो सीनियर पुढं पुण्याला गेला, तिथं त्याचा खराखुरा बँड होता. मला म्हणाला, तुझा आवाज चांगला फाटतो, बारावी झाली की ये. जागा झाली की घरी पत्र टाकतो.

मी क्लाससाठी परभणीतच थांबलो होतो. महिना गेला, दोन गेले. मग एक दिवस घरमालकांच्या फोनवर त्याचाच फोन. पत्र टाकलं, तू उत्तर दिलं नाहीस, आम्ही दुसरा घेतला. मी तसाच यष्टीनं येलदरी गाठली. अण्णा ओट्यावर बसले होते. विचारलं, तर म्हणाले, "आलतं पत्र. मी फाडलं." बस्स, एवढंच. आई मात्र माझ्या बाजूनं इतकी रडली, दोन दिवस जेवली नाही. "तुझ्या बापाला काळीज न्हाई रे बाबा," म्हणाली.

त्यानंतर अण्णांशी मी कामापुरतंच बोललो. एक-दोन वर्षं नाही, वीस वर्षांच्या वर. बहीण-भाऊ नाहीत, त्यामुळे मधे पडणारंही कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी औषधं आणली, कागदांवर सह्या केल्या. ते माझ्याकडं बघत राहायचे, मी मोबाइलकडं. आता आई माझ्याकडं असते.

या उन्हाळ्यात येलदरीहून आणलेली ट्रंक उघडली आणि कॅसेटी सापडल्या. लय आनंद झाला. जुना डेक दुरुस्त करून आणला. बायको माहेरी, आई शेजारी कुरडया करायला गेलेली. दुपारचे साडेतीन, कूलर बंद केला आणि दणक्यात लावली.

खरं सांगू? निराशा झाली. तेव्हा इंग्रजी कळत नव्हतं, वाटायचं हे लोक जगाला आग लावायलेत. आता शब्द कळले. एक गाणं लवकर उठावं लागतं म्हणून, एक घरमालकावर, आणि एक तर चक्क दाताच्या डॉक्टरवर! ज्याच्यासाठी बापाशी अबोला धरला ते हे? स्वतःचंच हसू आलं आणि रागही आला. तरी ऐकत राहिलो.

साइड बी, चौथं गाणं संपलं. तिथं दोन सेकंदांची शांतता आहे, मला पाठ आहे ती. दोन सेकंद गेले... पुढचं गाणं सुरूच होईना. मग स्टोव्हचा आवाज आला. फर्रर्र, वातीचा नाही, पंपाचा. लांबून धरणाचा भोंगा. आणि माझ्या आईचा आवाज. आजचा नाही, तरणा.

"फाडा म्हणते ना."

"अगं, त्याचं पत्र हाय. त्याला एकदा दाखवू, मग बघू." हे अण्णा.

"दाखवलं की गेला समजा. एकुलतं एक लेकरू हाय माझं. आणा इकडं."

कागद टरकावल्याचा आवाज. चार वेळा. मग आई हळू आवाजात म्हणाली, "त्यानं विचारलं तर तुमी फाडलं म्हणून सांगा. तुमचं काय, तुमी तसंबी त्याच्याशी कुठं बोलता. मला जलमभर बोलायचंय त्याच्याशी."

कुणीतरी स्टोव्हला पंप मारला.

"बरं," अण्णा म्हणाले.

आणि पाचवं गाणं धाडकन सुरू झालं.

रिवाइंड केलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं, परत तेच. टिकल्या बघितल्या, तुटलेल्याच. भोकांवर चिकटपट्टी लावली तर परत भरता येतं, पण तिचाही मागमूस नाही. घड्याळ लावून बघितलं... बोलणं चांगलं मिनिटभराचं, गाणं एकही कमी नाही, आणि साइड नेहमीच्याच वेळात संपली. हे कसं शक्य आहे? बरं, पत्र आलं त्या दिवसांत ही कॅसेट परभणीत माझ्या वॉकमनमध्ये होती. येलदरीच्या घरात टेपरेकॉर्डर कधीच नव्हता, अण्णांकडं फक्त रेडिओ.

गजूला फोन लावला. त्याचं मानवतला बियाणांचं दुकान आहे. म्हटलं, काही विचारू नको, आत्ता ये. गडी तासाभरात मोटारसायकलवर हजर. त्याला काहीही न सांगता ऐकवलं. तो उठून उभाच राहिला. "काकूचा आवाज हाय हा... अन् अण्णा..." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "लेका, तू कामून लावलीस ही कॅसेट? राहू द्यायची होती ना ट्रंकेत." आणि चहा न घेता निघून गेला. म्हणजे भास म्हणावा तर तो दोघांना झाला.

सहाला आई आली, हाताला गव्हाचा चीक लागलेला. मी "बस" म्हटलं आणि प्ले दाबलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. हे कुणी भरलं, कसं भरलं, एका शब्दानं विचारलं नाही. अण्णांचं "बरं" ऐकलं आणि पदर तोंडात धरून रडायला लागली.

"खरं हाय का हे?" मी ओरडलोच.

"खरं हाय."

"अगं, मग ते जाताना तरी सांगायचं! मी काय केलं त्यांच्याबरोबर, बघत होतीस ना तू?"

"रोज सांगीन म्हणायची रे मी. तू मला चहा करून द्यायचास, गप्पा मारायचास... धीर न्हाई झाला."

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते परक्यानं केलं तर माणूस भांडून मोकळा होतो. जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी अण्णांना शिव्या घातल्या, तिनं त्या मुकाट ऐकून घेतल्या, वर माझ्या केसांतून हात फिरवला. कुठं जायचं माणसानं?

"एकदा लाव ना परत," ती म्हणाली. "ह्यांचा आवाज ऐकू दे."

लावली. चौथं गाणं, दोन सेकंद, पाचवं गाणं. परत लावली. तेच. उलटसुलट करून बघितलं, डेक बदलला, काही नाही. त्या संध्याकाळनंतर तो आवाज आलेला नाही. चुंबकीय फीत, हेड, मोटर, सगळं मला शिकवता येतं, हे नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी थट्टा करणार नाही.

आईशी आता माझं फारसं बोलणं होत नाही. प्रयत्न करतो, जमत नाही. पण रोज दुपारी जेवण झालं की ती डेकसमोर खुर्ची ओढून बसते. पंचाहत्तरीची बाई, डोक्यावर पदर, हातात जपमाळ, आणि समोर ती पोरं दाताच्या डॉक्टरच्या नावानं बोंबलतायत. चौथं गाणं संपतं तेव्हा ती माळ थांबवते, मान पुढं करते. पाचवं सुरू होतं.

"उद्या लावशील का रे?" विचारते.

मी कॅसेट रिवाइंड करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी लावतो.