गाठ मारलेली पिशवी

"कुणाच्या घरचं हाय हे? खाली या. न्हाईतर मी वर घिऊन येते."

सोमवारी सकाळी लोणावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकात हौसामावशी ओरडत होती. हातातल्या काठीच्या टोकाला बाळाचा भरलेला डायपर लोंबत होता. मावशीचा आवाज असा, की तिकडे देहूरोडच्या लष्करी छावणीत जवान सावधानमध्ये उभे राहायचे. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी मात्र हळूच बंद झाली. मावशी जिना चढली आणि त्या घराच्या कडीला डायपर अडकवून आली.

टाकवे गावची ही बाई गेल्या वर्षी वारली. त्याआधी कित्येक वर्षं तिने आमचा कचरा निवडला. सोसायटीच्या पाण्याच्या पंपामागच्या पत्र्याच्या खोलीत ती पुठ्ठे, बाटल्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या करायची आणि वडगावच्या भंगारवाल्याला विकायची. त्यावरच तिचं पोट. आमच्याकडची निम्मी घरं शनिवार-रविवारची. पाहुणे कोळंबी हाणणार. सालं, काचा, डायपर सगळं एकाच पिशवीत कोंबणार आणि वर तीन-तीन गाठी मारून घरी पळणार. सोमवारी पिशवी फुगून बसायची. घाटातून वर आलेलं धुकं आमच्या फाटकाशी थबकायचं, नाक दाबायचं आणि आल्या वाटेने खाली उतरायचं. हे मी स्वतः पाहिलंय.

"गाठ मारली की ह्यांचं पाप झाकलं," मावशी म्हणायची. "सोडवायला हाये की हौसा."

शेवटी वासाची तक्रार झाली. कोणाविरुद्ध? मावशीविरुद्ध. अध्यक्ष सबनीस नाकाला अत्तराचा रुमाल लावून म्हणाले, "मावशी, उद्यापासून कचरा उचलणाऱ्या कंपनीची गाडी येईल. तुम्ही येऊ नका. खोलीची किल्ली द्या."

"ही घ्या. पर ती गाडी गाठी सोडती का, इचारलं का तुमी?"

विचारलं नव्हतं. गाडी आली, तिच्या दाबयंत्राने पिशव्या चिरडल्या आणि मुरलेल्या कोळंबीचा रस्सा पिचकारीसारखा सबनीसांच्या पांढऱ्या मोटारीवर उडाला. पुढे महिनाभर गावातली मांजरं त्या मोटारीमागे मिरवणुकीने चालत होती. गाडीवाला म्हणाला, "वेगळा करून द्या, तरच उचलतो," आणि निघून गेला. ढीग वाढला. अळ्या जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या. लिफ्टचं बटण त्यांच्या हाताला येत नव्हतं म्हणून, नाहीतर गच्चीवर सभा भरवली असती.

मग सबनीस स्वतः टाकव्याला गेले. सोबत मी. मावशी परक्याच्या खाचरात रोजाने भात लावत होती, गुडघाभर चिखलात. कंबर धरून उभी राहिली.

"येते. पर खोलीची किल्ली माज्याकडं ऱ्हाईल. ओला कचरा गाडीला, सुका मला. आन् गाठ ज्यानं मारली त्यानंच सोडायची, माज्याम्होरं."

पुढच्या सोमवारी आख्खी सोसायटी पिशव्या घेऊन फाटकाशी रांगेत. पहिला मान अध्यक्षांचा. त्यांच्याकडे शुक्रवारीच जावईबापू कोळंबी खाऊन गेले होते. सबनीसांनी तिसरी गाठ सोडवली, आत पाहिलं आणि तसेच वळून जास्वंदीच्या मुळाशी भडाभडा ओकले. रुमाल खिशातच राहिला.

तोंड पुसत ते म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं तुम्हाला हा वास येत नव्हता का हो?"

मावशीने त्यांच्या पिशवीतली बाटली उचलून पोत्यात टाकली.

"येत व्हता की."