धुळ्याचं म्हणून सांगितलेलं इंजिन

आमच्या नावेचं इंजिन धुळ्याच्या भंगार बाजारातून आणलेलं नाही. ते असोद्याहून आलं, माझ्या थोरल्या बहिणीच्या विहिरीवरून. एवढं साधं वाक्य मी इतकी वर्षं बोललो नाही. आता वय झालं आहे, आणि नावेत बसणारी नवी पोरं धुळ्याची गोष्ट माझ्यापेक्षा रंगवून सांगत आली आहेत. म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

आमचं गाव तापीच्या काठावर. धरणाच्या फुगवट्याचं पाणी आलं तेव्हा गाव अलीकडे राहिलं आणि आमच्या काही घरांची केळीची शेतं पलीकडे गेली. पुलावरून वळसा घालायचा तर जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. केळीचे घड पलीकडच्या रस्त्याने ट्रकमधून जातात, पण माणसं, खत, ठिबकच्या नळ्या, गुरांचा चारा हे सगळं पाण्यावरूनच. आम्ही शेतवाल्यांनी मिळून लोखंडी पत्र्याची एक रुंद नाव करून घेतली. पाठीमागे टांगायचं पेट्रोलचं जुनं इंजिन मिळालं, आणि नाव चालवायला गावातलाच एक मासेमारी करणारा माणूस तयार झाला. पुढे सगळे त्याला नाववाला असंच म्हणू लागले. मला सगळे नाना म्हणतात. हिशेब आणि देखरेख माझ्याकडे होती.

एका वर्षी पोळा झाल्यावर ते इंजिन बसलं. गढूळ पाण्यातला गाळ त्याच्या पाणी ओढायच्या तोंडात भरला आणि ते आतल्या आत तापून जळालं. नाववाल्याची काही चूक नव्हती. भुसावळचे मिस्त्री आले, त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं आणि पुन्हा झाकण ठेवून दिलं. दुरुस्ती होईल, पण त्याचे सुटे भाग आता कुठे निघत नाहीत. एक भाग घडवावा तर दुसरा तुटेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नाववाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की, तो दिवाळीपर्यंत वाट पाहील. नाव सुरू झाली नाही तर तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात जाईल, त्याचा मेहुणा तिथे आहे. तो गेला असता तर नाव नुसती काठावर पडून राहिली असती. वल्ह्यांनी ती हलत नव्हती, आणि प्रवाह ओळखणारा दुसरा माणूस आमच्यात नव्हता.

मग आम्ही शोधाला लागलो. नव्या इंजिनाची चौकशी जळगावला केली. ते मागवावं लागणार होतं, आणि किंमत ऐकून मी दुकानदाराकडे फक्त पाणी मागितलं. कोकणातून जुनं इंजिन मिळेल असं कुणी सांगितलं. चाचांनी त्यावर मान हलवली. खाऱ्या पाण्यातलं इंजिन वरून चकचकीत दिसतं आणि आतून खाल्लेलं असतं. घ्यायचंच तर उघडून बघून घ्या, आणि त्यासाठी तिथवर जाऊन राहावं लागेल. कुणी म्हणालं, रिक्षाचं इंजिन बसवा. ते हलकं, स्वस्त आणि त्याचे भाग कुठेही मिळतात. पण त्याला वाऱ्यावर गार व्हायची सवय, नाव चालणार संथ. शिवाय ते फार वेगाने फिरतं, पाण्यातल्या पंख्याला तेवढा वेग नको असतो.

राहिलं ते शेतावरचं डिझेल इंजिन. एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू होणारं, संथ आणि जड. पूर्वी ते प्रत्येक विहिरीवर होतं. त्याला थंड राहायला पाणी लागतं, आणि नदीत पाण्याला काय तोटा? आमची नाव रुंद होती, वजन पेललं असतं. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्यापासून ही इंजिनं कुणाला नको होती, म्हणजे स्वस्तही मिळणार. चाचांनी हाच मार्ग धरायला सांगितलं.

अडचण एकच होती. वर्षानुवर्षं न फिरलेल्या इंजिनाचा आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, गंजून चिकटून बसतो. पाचोऱ्याकडे दोन पाहिली, दोन्ही चिकटलेली. मग मी, नाववाला आणि चाचा एसटीने धुळ्याला गेलो. भंगार बाजारात तशी इंजिनं ओळीने मांडलेली होती. दुकानदार एकेकावर थाप मारून सगळा माल अस्सल असल्याची खात्री देत होता, "बठ्ठं ओरिजनल शे, नाना. येन्हामा काय बी खराबी नही शे." चाचांनी हँडल लावून जोर दिला. हँडल हललं नाही, सगळं इंजिनच जागचं सरकलं. दुकानदार स्वतःच हसला आणि त्याने आम्हाला चहा पाजला.

परतताना रिकाम्या हाताने जळगावला उतरलो. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, घर असोद्याला, जवळच. म्हटलं, भेटून जाऊ. चाचा आणि नाववालाही बरोबर होते. तिने तिघांना जेवायला बसवलं. भरीत-भाकरी वाढता वाढता तिने आमची सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "मंग आपलं इंजिन घेऊन जाय ना."

माझे मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं इंजिन मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, तेही चिकटलेलं असेल.

"दसऱ्याले चालू करते मी," ती म्हणाली. "हार घालते, हळदीकुंकू वाहते, अन् मंग दोघं जण हँडल मारतात. पोरगा म्हनतो भंगारात दे. म्या म्हटलं, वर्साचं एक डिब्बं डिझेल पेतं, तेवढं तर पेऊ दे."

दसऱ्याला आमच्याकडे नांगर, विळे, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. तशी ती इंजिनाची करत होती. फरक इतकाच की, बाकीचे हळदीकुंकू वाहून थांबत आणि अक्का ते इंजिन चालवून बघत असे. आम्ही मळ्यात गेलो. चाचांनी हँडल लावलं. बाजूचं मोठं लोखंडी चाक फिरलं, दोनदा अडखळलं आणि इंजिन सुरू झालं. मेहुण्यांनी धूर पिकावर जाऊ नये म्हणून त्याच्या नळकांड्याला एक लांब वाकडी नळी जोडली होती, त्यामुळे त्याचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा आणि मध्येच खोकायचा. चाचा त्याच्यापुढे उकिडवे बसून बराच वेळ ऐकत राहिले.

मी मात्र म्हटलं, नको. बहिणीकडून घ्यायचं कसं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात तेव्हा, आणि भाऊबिजेला भावाने द्यायचं असतं. तिने पैसे घ्यायचंही नाकारलं.

"तू कायले लाजतो रे?" अक्का म्हणाली. "एकच सांगते. त्याले तोडू नको, अन् दसऱ्याले मले हार घालू देजो."

मी कबूल केलं. मग मी माझी एक अट घातली. हे कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "बरं."

टेम्पोतून इंजिन उतरवताना गावातल्या कुणीतरी विचारलं, कुठून आणलं? धुळ्याहून, असं माझ्या तोंडून गेलं. आम्ही धुळ्याला गेलो होतो हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे पुढे कुणी विचारलं नाही. हिशेबाच्या वहीत मी फक्त टेम्पोचं भाडं मांडलं. चाचांना आणि नाववाल्याला मी गप्प राहायला सांगितलं. चाचा एवढंच म्हणाले, "आपकी बहन, आपका गाँव. आप जानो." इंजिन मुळात हिरवं होतं. गंज धरू नये असं कारण सांगून मी त्याला निळा रंग मारून टाकला.

चाचांनी बाभळीच्या ओंडक्यांवर लोखंडी चौकट ठोकून ते नावेच्या मधोमध बसवलं. पट्ट्याने ते मागच्या पंख्याला जोडलं. पट्टा सैल केला की नाव थांबते, आवळला की चालते. मागे न्यायची असेल तर बांबू टेकायचा. नाव जरा खोल बसली, पण चालली. आजही त्याच सोयीवर चालते. चाचा आता नाहीत. नाव सुटताना पट्टा आवळला की मला त्यांची आठवण येते.

दसऱ्याच्या सकाळी पहिली फेरी निघायची होती. शेतवाल्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. नानांनी धुळं पालथं घातलं म्हणून नाव चालू झाली, असं एक जण म्हणाला. तेवढ्यात अक्का आली. असोद्याहून पहाटेच निघाली असावी. हातात ताट, ताटात हळदीकुंकू आणि झेंडूचा एक भलामोठा हार. बायकांनी विचारलं, "अक्का, तुम्ही इकडे कशा?"

ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "अक्का माहेरी सोनं द्यायला आली आहे. नदीची पूजा करून जाईल."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मग ती ताट घेऊन वळली आणि पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेली. हळदीकुंकू पाण्यात वाहिलं, हार पाण्यात सोडला. तो हार बराच लांबपर्यंत गोल तरंगत गेला. मागे इंजिन सुरू झालं होतं. ती वळली नाही. आपट्याची दोन पानं माझ्या हातावर ठेवून दुपारच्या गाडीने परत गेली.

त्यानंतर दसऱ्याला ती आली नाही. एरवी कधी आली आणि पलीकडे आमच्या शेतात जायचं झालं, तर नावेत सगळ्यांसारखी बसायची आणि नाववाल्याला भाडं द्यायची. तो घ्यायला कचरायचा. तीच त्याच्या मुठीत कोंबायची. मी शेजारी बसलेला असायचो आणि ते पाहत असायचो.

एकदा असोद्याचा एक म्हातारा लग्नाला म्हणून पलीकडे चालला होता. नाव निम्म्यात आली तशी त्याने मान वाकडी करून ऐकायला सुरुवात केली. पूर्वी कुणाच्या विहिरीवर कुणाचं इंजिन चालू आहे हे शेतात बसून आवाजावरून कळायचं, त्या काळातला तो माणूस. त्याने अक्काच्या मळ्याचं नाव घेतलं आणि विचारलं, हे तिथलंच ना? मी म्हटलं, एका बनावटीची सगळी इंजिनं सारखीच बोलतात.

"बोलतात सारखी," तो म्हणाला, "पन खोकतं हेच."

नाववाल्याने तोंड फिरवून पाण्याकडे पाहिलं. पलीकडे लागल्यावर मी त्याच्या आधी उतरलो.

यंदा श्रावणात पोरांनी काढलं की नावेला पाटी लावायची. नानांच्या नावाने, रंगीत. दसऱ्याला लावू, मोठ्यांना बोलावू. काठावरच्या निंबाखाली सगळे जमले होते, बायकाही होत्या. पाटीवर काय लिहायचं ते ठरत होतं. धुळ्याचा उल्लेख असावा का, असं एका पोराने विचारलं. तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. इंजिन अक्काचं आहे. तिने ते फुकट दिलं. तिने दर दसऱ्याला ते चालवलं नसतं तर तेही धुळ्यातल्या इंजिनांसारखंच गेलं असतं. मला बहिणीकडून घेतल्याची लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो.

मला वाटलं होतं, गलका होईल. पण नाववाल्याची आई, जी माझ्याहून वयाने मोठी आहे, पदर सावरत म्हणाली, "नाना, नदीले एवढा मोठा हार कोन आनतं? तो चाकाच्या मापाचा हार होता. आम्हाले तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"अक्का बोलली नाही," ती म्हणाली, "मंग आम्ही कायले बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी असोद्याला गेलो. अक्का आता काठी धरून चालते. मी तिला सगळं सांगितलं आणि दसऱ्याला ये म्हटलं. तिने गूळ-शेंगदाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"तुले लाज वाटली," ती म्हणाली. "मले तर गाजावाजा करायचा होता. माह्या भावाच्या नावेत माह्या घरचं इंजिन. आखाजीले माहेरी आल्यावर सगळ्यायले सांगनार होती मी. तू अट घातली."

ती म्हणाली, खा, शेंगदाणे नवे आहेत. मग तिने विचारलं, गाडी पाठवशील की एसटीने येऊ?

गाडी पाठवली. दसऱ्याला ती आली तेव्हा काठावर अख्खं गाव होतं आणि नावेत खताच्या गोण्या भरून माणसं खोळंबली होती. नाववाल्याने तिला हात धरून नावेत घेतलं. हार तसाच मोठा होता. तिने हळदीकुंकू वाहिलं, चाकाला हार घातला, त्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मेहुण्यांशी बोलत असावी. कुणी घाई केली नाही. पण तिने स्वतःच हार काढला. "चाकावर ठेवला तं चालनार कसं?" असं म्हणून तिने तो नावेच्या टोकाला बांधायला लावला. पाटी आम्ही लावली नाही. तीच म्हणाली, पाटीचं कायले, आवाज तर सगळ्यायले ऐकू येतो.

नाव सुटली. अक्का इंजिनाच्या अगदी जवळ बसली होती, धुराची पर्वा न करता. ते मध्येच खोकलं तशी ती हसली. पलीकडे पोहोचल्यावर नाववाल्याने तिच्यापुढे हात जोडले आणि भाडं घेतलं नाही, आणि या वेळी तिनेही आग्रह केला नाही. उतरताना तिने इंजिनाच्या अंगावरून बोट फिरवलं. उष्णतेने निळ्या रंगाचे पोपडे सुटले होते, त्याखालचा हिरवा दिसत होता.

"निळा चांगला नाही दिसत," ती मला म्हणाली. मग मेहुण्यांची आठवण काढली, "यायनी हिरवा आनेल होता."

तिच्या मोठ्या मनाबद्दल मी तिचे आभार कधी मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धतही नाही. हिरव्या रंगाचा डबा आणून ठेवला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नाव काठावर ओढतात. तेव्हा निळा सगळा खरवडून काढीन. नाववाला म्हणतो, नाना, तुमच्याने होणार नाही, पोरांना सांगा. पण तो निळा मीच मारला होता.