नाळेवरची जागा

पावसाळा तोंडावर आला की मढच्या कोळीवाड्यात आम्ही लहान होड्या पाण्यातून वर काढतो आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवतो. बाकीच्यांच्या किनाऱ्यावरच राहतात. आमची मात्र थेट घराच्या अंगणात यायची, कारण आमच्या हिला ती रांधताना समोर दिसायला लागायची. मी म्हणायचो, "होडी काय चुलीवर ठेवणार आहेस?" ती म्हणायची, "तुझं तोंड बघण्यापेक्षा बरी."

दिवाळीनंतर ही गेली. तिच्याशिवायचा हा पहिलाच पावसाळा. त्यात दरवर्षी होडी ओढणाऱ्याने ट्रॅक्टर विकून टाकला. जवळच्या बंगल्यात शूटिंग चालतं, तिथल्या मॅनेजरला याचा बरोबर वास लागला. "काका, आमच्या लॉनवर ठेवू, झकास रंग मारू." मी रागात बोलून बसलो, शनिवारी अंगणात आली नाही तर घेऊन जा. बोललो आणि जेवण जाईना. होडी गवतावर बसणार आणि तिच्यापुढे नट्या फोटो काढणार. हिने वरून मला काय काय ऐकवलं असतं.

मुलगी दहिसरला दिलीय. जावयाचा मंडपाचा धंदा, त्यासाठी पिकअप आहे. त्याने होडीचं वजन मोबाईलमध्ये बघितलं. "बाबा, काळजी सोडा. होडीपेक्षा जास्त माल गाडी रोज उचलते."

"जावईबापू, उचलायची नाय, ओढायचीय. ओल्या रेतीतनं, चढावर."

"उचलते ती ओढणार नाही का?"

मंडपवाल्याशी कोण वाद घालणार. त्याने वेल्डरकडून गाडीच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एक जाड खुंटा बसवून आणला. होडी ठेवायच्या ट्रॉलीची मान, म्हणजे पुढचा दांडा, त्यात अडकवायची, म्हणजे होडीचं थोडं वजन गाडीच्या पाठीवर बसतं. काम चांगलं होतं. मी तसं बोललो नाही.

शनिवारी मुलगी आणि जावई आले. भरतीला ट्रॉली पाण्यात ढकलली, होडी तरंगत तिच्यावर आणून बांधली आणि ओहोटीची वाट बघत बसलो. माझ्या डोक्यात एकच, होडी हलकी करायची. पुढची जाळी उतरवली, नांगर उतरवला, दोरखंड उतरवले. मागचं इंजिन तेवढं राहिलं, ते मेकॅनिकशिवाय निघत नाही. जावई खूश. "बघा बाबा, आता कापूस."

पाणी हटल्यावर कापूस ओढायला घेतला. गाडी पुढे जायच्या ऐवजी मागची चाकं जागेवर फिरायला लागली. रेती उडाली ती माझ्या तोंडावर. शेजारचा म्हातारा, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा आगाऊ, पालथ्या टोपलीवर बसून बघत होता. तो म्हणाला, "काय रे, विहीर खणतोस का?" मॅनेजर पण हजर होता. फोन कानाला लावून उगाच होडीकडे बघत होता.

जावयाने अजून जोर लावला. तेव्हा मला दिसलं. ट्रॉलीची मान वर उचलली जात होती आणि तिच्याबरोबर गाडीची पाठ. वजन सगळं होडीच्या मागे, इंजिनवर. पुढे काहीच नाही, ते मीच उतरवलेलं. गाडीच्या चाकांना रेतीत दाबणार कोण?

दरवर्षी पुढे जाळी असायची, नांगर असायचा, आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, आमची ही बसलेली असायची. मागे तोंड करून. मी चाकाखाली घालायचा ओंडका घेऊन मागून चालायचो आणि ती वरून शिव्या घालायची. मी म्हणायचो, "उतर गं, ट्रॅक्टर रडतोय." ती म्हणायची, "मी उतरले तर तुझी होडी उडून जाईल." मी समजायचो, नखरे आहेत.

जाळी, नांगर सगळं परत चढवलं. गाडी हलली, रेतीतून निघाली, आणि गल्लीच्या तोंडाशी चढावर परत फिरायला लागली. आमचं अंगण समोर दिसत होतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी बसते आईच्या जागी."

"नाय."

"मग रेतीच्या गोण्या भरूया," जावई म्हणाला.

"गोणी भरा, उचला, कोण करणार," मागोमाग आलेला टोपलीवाला म्हातारा म्हणाला. "ह्यालाच बसवा. हा आपल्या पायाने चढेल."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी चढलो. नाळेवर बसलो, मागे तोंड करून, तिच्यासारखा. ती फळी तिच्या बसण्याने गुळगुळीत झालीय, ते मला माहीत नव्हतं. जावयाने गिअर टाकला, चाकांनी पकड घेतली आणि होडी चढाला लागली. खाली ओंडका घेऊन मुलगी चालत होती. एवढी वाकडी चालत होती की राहवेना.

"अगं चाकाजवळ धर, काय वरातीत चाललीयस? डावीकडे. तुझं डावं, माझं नाय."

"बाबा, आई तरी मधे श्वास घ्यायची."

अंगणात आल्यावर जावयाने गाडी थांबवली. मॅनेजर गल्लीच्या टोकाला उभा होता, तो तिथूनच परतला. जावई हात पुसत म्हणाला, "उतरा आता, मला ट्रॉली सोडवायचीय."

"थांब जरा."

मुलगी आत गेली. मान वळवली की तिथून स्वयंपाकघराची खिडकी समोरच दिसते. तिने चहा ठेवला, खिडकीतून मला बघितलं आणि विचारलं, "वर आणून देऊ?"

म्हटलं, "दे. साखर तुझ्या आईसारखी मोजून घालू नको."