सुखदेईची पहिली कढई

पौषातली सकाळ होती. आवळीच्या बागांवर धुकं असं बसलं होतं की फांद्याच दिसत नव्हत्या, आणि त्या धुक्यात विहिरीमागे सुखदेई सूर्याच्या दिशेनं हात वर करून उभी होती. सूर्य दिसत नव्हता, पण तो कुठं आहे हे तिला ठाऊक होतं. बारा वेळा वाकली, बारा वेळा उठली. बासष्ट वर्षांची बाई, पण पाठ अशी सरळ, जणू आत पहार घातली आहे.

"अम्मा, आज वाकताना हसत होतात तुम्ही," सून सरोज म्हणाली.

"हसू नको तर काय करू, दुलहिन? आज कढई माझी आहे!"

खरंच होती. चाळीस वर्षं तिनं वैद्य शिवमूर्तींच्या अंगणात च्यवनप्राशाची कढई ढवळली होती. ढवळायचं तिनं, आणि 'उतरव' म्हणायचं वैदजींनी. त्यातला हा शेवटचा शब्द तिच्या वाट्याला कधीच आला नव्हता. पण यंदा वैदजींच्या हातांना कंप सुटला. चिमटीत पाक धरला की तो धोतरावर पडायचा. शहरातला त्यांचा मुलगा सांगून गेला होता, "बाबा, या वर्षी बिघडली तर कढई मोडीत घालू. लोक बाटलीतलं घेतील." वैदजींनी तो गेल्यावर सुखदेईला बोलावलं आणि म्हणाले, "यंदा पाक तू दाब, 'उतरव' तूच सांग."

त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

या गावात नवी नवरी म्हणून आली तेव्हा चुलीच्या धुरानं तिला खोकला लागला होता. सासूनं वैदजींकडे नेलं. त्यांनी पुडी दिलीच नाही. तिळाचं तेल अंगाला चोळ, उन्हात बस, उडदाच्या खिचडीवर तूप घे, आणि सकाळी हात वर करून सावकाश श्वास घे, असं सांगितलं. सासू वाटेत फणफणली, "सून आणलीय का पैलवान?" पण माघ सरता सरता सुनेचा खोकला गेला, गालांवर रंग चढला आणि सासूच गुपचूप तेल कोमट करून ठेवू लागली. पुढच्या थंडीत सुखदेई आपणहून वैदजींच्या अंगणात गेली आणि ढवळणं हातात घेतलं. ते अजून सुटलं नव्हतं.

चाळीस किलो आवळा आदल्या दिवशीच औषधी मुळ्यांच्या काढ्यात शिजला होता. सुखदेई आणि सरोजनं बिया काढून तो कापडावर घासून गाळला होता. आता कल्हईच्या रुंद कढईत तूप आणि तिळाचं तेल तापलं आणि गर आत पडला. ढवळ, ढवळ. दुपारपर्यंत गरानं तूप सोडलं, मग गुळाचा पाक पडला आणि अंगणभर असा वास सुटला की कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "सुखदेई, माझी बरणी धुऊन ठेवलीय गं!"

"धुतलीस ना? मग वाळव आता!"

वैदजी खाटेवर शाल गुंडाळून बसले होते. नजर कढईवरच होती.

कढईचा आवाज बदलला. आधी फुसफुस होती, आता जड, आळशी बुडबुडे उठू लागले. सुखदेईचं नाक म्हणालं, झालं. तिनं थेंब पाण्यात टाकला. सरळ तळाला गेला, विरघळला नाही. आता राहिली मुद्रा. पाक चिमटीत दाबायचा, आणि त्यावर बोटाच्या रेषा उमटल्या की उतरवायचं. वैदजी हाच शेवटचा निवाडा मानायचे.

तिनं थोडा पाक घेतला, फुंकला, दाबला. गोटा नदीतल्या दगडासारखा गुळगुळीत. एकही रेष नाही.

"कच्चा आहे," ती पुटपुटली. "ढवळ, दुलहिन."

पुन्हा दाबला. तसाच. तिसऱ्यांदाही तसाच. आता वासात एक कडू धागा येऊ लागला होता, आणि सरोजचं ढवळणं अडू लागलं होतं.

"अम्मा, हे घट्ट होतंय!"

"मुद्रा नाही उठत!"

"करपेल!"

सुखदेईनं खाटेकडे पाहिलं. वैदजींनी ओठ मिटून घेतले होते. 'उतरव' हा शब्द तिला दिला होता, तो परत घ्यायला ते तयार नव्हते. तिनं हात उन्हात धरला, चिमटीला लागलेला पाक पुसायला. आणि ऊन बोटांवर पडलं तशी ती दचकलीच. बोटं कोरी होती! चाळीस वर्षांचा आंबट रस, तापलेलं तूप, राखेनं घासलेली भांडी यांनी रेषा कधीच्या नेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा का ओळखत नाही, तेही आत्ता उलगडलं. बोटांवरच नाहीत तर पाकावर कुठून उमटणार!

"दुलहिन, तुझा हात दे! दाब! लवकर!"

सरोजनं दाबला. गोट्यावर तिच्या अंगठ्याच्या रेषा उठल्या, एकात एक, नांगरलेल्या शेतासारख्या स्वच्छ.

"उतरव!" सुखदेई अशी गरजली की कुंपणापलीकडची शेजारीण धावत आली. तिघींनी कान धरून कढई चुलीवरून खाली ओढली. सुखदेई वाकली, पळीभर उचलून वास घेतला, जिभेला लावला. कडू धागा आत शिरला नव्हता. अगदी उंबऱ्यावरून परत फिरला होता.

"झाली! वैदजी, झाली!" ती नाचायचीच बाकी होती.

"माझ्या नाकानं तर केव्हाच सांगितलं होतं," वैदजी म्हणाले. "मुद्रा कुणाची?"

"सुनेची. माझी बोटं पुसली गेलीत."

त्यांनी तिचा हात आपल्या थरथरत्या हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "तुला नाक होतं. मुद्रेसाठी का थांबलीस?"

"तुम्ही शिकवलंत म्हणून."

"मग पुढच्या वर्षी नाकाचं ऐक, आणि सुनेचं बोट साक्षीला घे. मुलाला मी आजच निरोप धाडतो, कढई मोडीत जाणार नाही." त्यांनी वाटी पुढं केली. "आता जरा चाटू दे."

"अजिबात नाही," सुखदेई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गार झाल्यावर मध पडेल, मगच. तोवर तुम्ही शाल बाजूला ठेवा, उन्हाकडे तोंड करून बसा आणि सावकाश श्वास घ्या. हात वर करून."

वैदजींनी तिच्याकडे पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि कापणारे दोन्ही हात हळूहळू वर उचलले.