मोनालीची एकच हार

मोनालीने पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, रक्तगट विचारला. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची होती, ती पाहायला ती आली होती. दार उघडलं तर ट्रॅकसूट घातलेली, दारात जेमतेम मावेल अशा खांद्यांची एक मुलगी समोर उभी. "काकाजी, तुमचा ब्लड ग्रुप कोणता?" मी दुपारच्या झोपेतून उठून आलो होतो. सरकारी कारकुनीत जन्म गेलेल्या माणसाला विचारलं तेवढं सांगायची सवय असते, म्हणून 'ओ पॉझिटिव्ह' म्हणून मोकळा झालो. "मंग खोली पसंत आहे," ती म्हणाली. खोली तिने अजून पाहिलीच नव्हती.

तिच्या मागे जिन्याच्या पायरीवर एक काडीसारखी मुलगी टोपी घालून बसली होती. ती तिची धाकटी बहीण, छकुली. छकुलीला सिकलसेल होता. हा आजार आमच्या विदर्भात कितीतरी घरांत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडं-सांधे असे ठणकतात की धट्टाकट्टा माणूसही गुरासारखा ओरडेल. छकुली मात्र ओरडत नसे, भिंतीकडे तोंड करून पडून राही. आईवडील काटोलजवळच्या खेड्यात संत्र्याची बाग सांभाळायचे. छकुलीचा दवाखाना नागपुरात आणि मोनालीची कबड्डीही नागपुरात, म्हणून दोघी बहिणी आमच्या डोक्यावर राहायला आल्या. डोक्यावर हे शब्दशः खरं, कारण मोनाली पहाटे दोरीवरच्या उड्या मारायची आणि आमचा पंखा हलायचा.

दुखणं वाढलं की छकुलीला रक्त चढवावं लागे. मोनाली स्वतः त्या आजाराची वाहक होती. तिला त्रास कसलाच नव्हता, पण तिचं रक्त बहिणीला देता येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. हे तिच्या मनाला फार लागलं होतं. "बैलावानी शरीर देल्लं देवानं, अन् कामाचं रक्त नाई देल्लं," ती म्हणायची. म्हणून ती भेटेल त्याचा रक्तगट विचारून ठेवी. दूधवाल्याचा, कूलरवाल्याचा, आमच्या जावयाचा. सामना संपल्यावर दोन्ही संघ हात मिळवतात, तेव्हा समोरच्या पोरींनाही ती हात न सोडता तेच विचारायची. काही जणींना वाटे, ही आता सूड घेणार.

तिची दुसरी खोड म्हणजे ती कधी हरत नसे. हरायची अर्थात, कबड्डीत कोण हरत नाही? पण कबूल करायची नाही. "हरलो नाई काकाजी आमी, टाइम संपला." एकदा अंतिम सामन्यात चांगला सपाटून मार खाऊन आली, तर म्हणे, "त्यायच्या गावचा रेफ्री, त्यायच्या गावची माती. आमचे फक्त पाय होते." माझी बायको तिला कॅरममध्ये हरवायची, तेव्हा बोर्ड वाकडा असायचा. बायकोने एक दिवस बोर्डाखाली चारी बाजूंनी पाहून घेतलं आणि बोर्ड सरळ आहे असं जाहीर केलं. "मंग घर वाकडं असन," मोनाली म्हणाली. घर मी बांधलेलं असल्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

आजारी माणसाशी लोक हळू आवाजात बोलतात. मोनाली बहिणीशी मैदानावरच्या आवाजात बोलायची. या आजारात पाणी भरपूर प्यावं लागतं, आणि छकुलीला पाण्याचा कंटाळा. दिवसभर वरून ऐकू यायचं, "पाणी पी वं." "आत्ताच पेली." "मंग आनखी पी. विहीर घेऊन फिरू का तुह्यामागं?" छकुली तिला बैल म्हणायची, ती छकुलीला मरतुकडी म्हणायची. हा शब्द ऐकून माझ्या बायकोच्या अंगावर काटा आला. तिने मोनालीला बाजूला घेऊन समजावलं, की आजारी पोरीला असं अभद्र बोलू नये. मोनाली म्हणाली, "काकू, सगळे तिले बिच्चारी म्हणतात. घरी एक तरी मानूस पायजे का नाई भांडाले?" त्यानंतर बायकोने तो विषय काढला नाही.

लकडगंजच्या मैदानावर सरावाला ती छकुलीला स्कूटीवर मागे बसवून घेऊन जायची. छकुली कडेला खुर्चीवर बसे, मांडीवर पाण्याची बाटली, आणि एकही शब्द न बोलता बघत राही. मीही एक-दोनदा गेलो होतो. मला नुसती धूळ आणि आरडाओरडा दिसला. छकुलीला मात्र माणसं दिसायची. मध्यंतरात ती मोनालीला म्हणायची, "ताई, ते कोपऱ्यातली पकडाच्या आंधी ओठ चावते." किंवा, "त्या लंबीच्या टाचेत दुखून राहिलं, पण सांगत नाई आहे." आणि मोनाली बरोबर त्या लंबीच्या बाजूने चढाई करून गडी बाद करून यायची. घरी आल्यावर श्रेय सगळं स्वतःच्या पायांना. छकुली हसायची आणि आणखी एक घोट पाणी प्यायची.

एकदा मात्र मोनालीचा पुरता पचका झाला. कबड्डीत स्पर्धेआधी वजन करतात. ठरलेल्या वजनापेक्षा वर गेलात की बाहेर. म्हणून वजनाच्या सकाळी या पोरी काही खात नाहीत, पाणीही पीत नाहीत, वर स्वेटर घालून पळतात. अशाच एका सकाळी छकुलीला दवाखान्यात ठेवलेलं होतं आणि रक्त हवं असल्याचा फोन आला. मोनालीने वजनकाट्यावरून उतरलेला अख्खा संघ दोन ऑटोंत कोंबला आणि थेट रक्तपेढीत आणून उभा केला. "घ्या डॉक्टर, कोनाचंही घ्या," असं छाती काढून म्हणाली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, जेवलात का? कोणीच जेवलं नव्हतं. पाणी? तेही नाही. एकीला तपासायला बोट टोचलं, तर ती धिप्पाड पोरगी तिथेच आडवी झाली. तिला पाहून दुसरी झाली. बाईंनी सगळ्यांना हाकलून तर्री-पोहे खायला पाठवलं आणि उद्या या म्हणाल्या. मग मोनालीने मला फोन केला. मला सुईची भीती वाटते, आणि माझी छाती अशी की शर्ट हँगरला बरा दिसतो. पण गेलो. मी पलंगावर डोळे घट्ट मिटून पडलो होतो आणि ती माझा हात धरून उभी होती. "काकाजी, तुमी तर माह्या टीमपेक्षा भारी निंगाले," ती म्हणाली. बाहेर आल्यावर आपला संघ हरला असं कबूल केलं का? छे. "त्या पोट्ट्या उपाशी होत्या म्हणून."

पुढच्या हिवाळ्यात छकुलीच्या छातीने दगा दिला. श्वास घेता येईना. त्यातून ती वाचली, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही, बोन मॅरो बदलून घ्या. मोनालीची तपासणी झाली. रक्त चालत नव्हतं, पण मॅरो जुळला, आणि वाहक असली तरी मॅरो देता येतो म्हणे. त्या दिवशी तिने गल्लीत पेढे वाटले. "पाहा, हाडातला माल अस्सल आहे आपला." अडचण वेगळीच निघाली. मॅरो देईपर्यंत तिला खेळता येणार नव्हतं, कुठे मोडलं-बिडलं तर सगळंच अडलं असतं. आणि त्याच महिन्यात खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीची निवड होती. वयाच्या हिशेबाने तिला ती शेवटची संधी होती. या नोकरीसाठी ती शाळेपासून धुळीत लोळत आली होती.

छकुलीला हे कळलं आणि ती अडून बसली. वीस वर्षांची होती, तिच्या संमतीशिवाय काही होणार नव्हतं. "ताईची निवड होऊ द्या, मंग पाहू माह्यं." डॉक्टरांनी समजावलं, बापाने येऊन हात जोडले, आई रडली. ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. मोनालीने आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, मग गप्प झाली. मोनाली गप्प झाली की आम्हाला भीतीच वाटायची.

दोन दिवसांनी ती सरावाहून आली आणि आमच्या अंगणात, सगळ्यांसमोर, बॅग टाकून खाली बसली. छकुली पायरीवर होती. "काढलं मले टीममधून," मोनाली म्हणाली. "भंडाऱ्याची पोट्टी आली नवी. तिनं तीन डाव पाडलं मले. कोच म्हणते, तुह्यात आता दम नाई राह्यला." मग मान खाली घालून म्हणाली, "हरली मी." तिच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकलाच नव्हता. संध्याकाळी तिचे कोच आले आणि आमच्या पेरूच्या झाडाकडे बघत म्हणाले की हो, काढलं. छकुलीने थोडा वेळ बहिणीकडे पाहिलं. "मंग घरी बसूनच राहशीन, तं दे मले," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

कोचना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो होतो. तिथे त्यांना राहवलं नाही. "हिले कोन काढते साहेब? इची निवड पक्की होती. इनंच माह्या पायावर हात ठेवला, मले काढा म्हणून." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, त्यात लाजायचं काय? घरात येऊन बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं.

ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं, आणि तिकडे त्यांना बरेच महिने राहावं लागलं. मोनालीच्या कमरेच्या हाडातून मॅरो काढला. फोनवर म्हणाली, "एवढं तर आमी रोज आपटतो." छकुलीचे केस गेले, तोंड आलं, मध्ये ताप चढला तेव्हा सगळ्यांचा धीर सुटला. पण मॅरो लागला. परत आली तेव्हा गाल भरले होते आणि टोपी नव्हती. नोकरी भंडाऱ्याच्या मुलीला मिळाली. तशी मुलगी खरोखरच होती, मोनालीने रचलेली नव्हती, आणि पेढे घेऊन मोनालीच्या पाया पडायला आली. मोनालीने तिला खेळातल्या तिच्या चुका तासभर सांगितल्या.

त्यांनी खोली सोडली त्या दिवशी टेम्पो दाराशी लागला होता. मोनालीला काटोलकडे एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवायचं काम मिळालं होतं. ती टेम्पोवर चढून ड्रायव्हरला गादी कशी बांधायची ते ओरडून शिकवत होती. छकुली वरून भांड्यांची बादली स्वतः उचलून घेऊन उतरली, माझ्यापाशी बादली टेकवली आणि पायाला हात लावला.

"काकाजी, ते भंडाऱ्याची पोट्टी पकडाच्या आंधी डोळे मिटते," ती हळूच म्हणाली. "मी पाह्यलं होतं तिले आंधी. ते ताईले तीन डाव का, एक डावही नाई पाडू शकत."

मी विचारलं, "मग तू सही काहून केली, बेटा?"

"तिनं आपल्या तोंडानं हरली म्हणून सांगतलं, काकाजी. सगळ्यायसमोर. मंग मी कशी नाई म्हणू?" तिने बादली उचलली. "तिले वाटते तिनं मले फसवलं. वाटू द्या. तुमी सांगू नका. तिले हरायची सवय नाई."